दोरी कंडक्टरची

२००४ च्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, आई फिलाडेल्फियात ट्रॉलीने एकटी निघाली आणि बागेच्या थांब्यावर न उतरता शेवटच्या थांब्यापर्यंत गेली.

ती एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आम्ही दोघं ऑफिसला, मुलगी शाळेत; दिवसभर घरात ती एकटी. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "परतीचं तिकीट अलीकडचं करून मिळतं का गं?" चौकशी करते म्हणाले आणि केली नाही.

रस्त्यातल्या रुळांवरून जाणारी जुनी ट्रॉली आमच्या कोपऱ्यावर थांबायची. तिथून नवव्या थांब्यावर एक बाग होती. सकाळी तिथे आपल्याकडचे आजी-आजोबा जमत. त्यांत दोघी नागपूरच्या होत्या. तिथवर एकटीने जायला जमलं तर आई राहणार होती.

रविवारी मी तिला नेऊन आणलं. टोकन कुठे टाकायचं ते तिने नीट पाहून घेतलं. उतरताना खिडकीवरची दोरी मी ओढली; ती ओढली की घंटी वाजते आणि ड्रायव्हर पुढच्या थांब्यावर थांबतो.

मंगळवारी शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने तिच्या हातातली पत्त्याची चिठ्ठी वाचली, त्याच ट्रॉलीने परत आणलं आणि आमच्या कोपऱ्यावर उतरवलं. बाग तिने जाता-येता खिडकीतून पाहिली.

संध्याकाळी मी विचारलं, "दोरी का नाही ओढलीस?"

"ती कंडक्टरची असते."

"इथे कंडक्टरच नसतो, आई."

"नसेल. म्हणून काय पॅसेंजरने घंटी मारायची? तुझ्या बाबांनी खाली उतरवलं असतं अशाला."

बाबा तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"आजी, जस्ट पुल इट!" मुलगी म्हणाली.

आई भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "एकदाच ओढायची ना? दोनदा ओढली की गाडी निघते."

"एकदाच. निघायचं कधी ते ड्रायव्हर बघतो."

"ड्रायव्हर बघतो!" ती हसली. "यांनी ऐकायला हवं होतं."

गुरुवारी मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि ट्रॉलीत तिच्या मागे तीन बाकं सोडून बसले. मध्ये बोलायचं नाही, असं तिने बजावलं होतं. आठवा थांबा गेल्यावर तिने पदर खांद्यावर घेतला. हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला आणि दोरी ओढली. घंटी वाजली. ट्रॉली थांबली.

ती मागच्या दाराने उतरली, तिच्यामागे मी. फुटपाथवरून ती वळली आणि ट्रॉलीच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या. दार बंद झालं. ट्रॉली निघाली.

तिकिटाची तारीख बदलली नाही. आई सप्टेंबरअखेर, ठरल्या दिवशी परतली.