सरांचा शेवटचा सामना

माणसाचं शरीर परमेश्वराने केवळ फुटबॉलसाठी घडवलं आणि उरलेल्या वेळात ते जेवणं, झोपणं वगैरे किरकोळ कामं करतं, असं मानणारे जगातले एकमेव जीवशास्त्राचे प्राध्यापक सौदीतल्या खमीस मुशैतला आमच्या खालच्या मजल्यावर राहत होते. मूळचे चिपळूणचे. कॉलेजात शिकवायचे आणि तिथल्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षकही होते. पण यातलं कुठलं काम कुठे संपतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पेपरात ‘कॉर्नर मारताना वापरल्या जाणाऱ्या स्नायूंची नावे लिहा’ असा प्रश्न यायचा आणि मैदानावर गोलकीपरला ऐकावं लागायचं, ‘अरे, धोका जाणवला की अमीबासुद्धा सरकतो!’ त्यांना जेवायला बोलावणं म्हणजे तर संकटच. एकदा मी हौसेने कोंबडीचा रस्सा केला, तर यांनी तंगडी उचलून माझ्या मुलांना पंधरा मिनिटं गुडघ्याचा सांधा समजावला. ‘वहिनी, हे बघा लिगामेंट. आमच्या कॅप्टनचं इथंच दुखतंय.’ मुलं त्या दिवशी वरणभातावरच उठली.

एवढं करून संघाने करंडक मात्र एकदाही जिंकला नव्हता. यंदा सरांना साठ पूर्ण झाली, करार संपत आला, इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नव्हता; आणि नेमका यंदाच संघ अंतिम सामन्यात पोचला. सर आठवडाभर नीट जेवले नाहीत. सामना बरोबरीत, शेवटचं मिनिट, आणि आमचा कॅप्टन चेंडू घेऊन एकटाच गोलसमोर. सरांना अरबी उत्तम यायची, भाजीवाल्याशी ते रोज त्याच भाषेत भांडायचे. पण अंगात आलं की तोंडून चिपळूणच बाहेर पडायचं. उडी मारून ते ओरडले, ‘खलास कर! खलास!’ आपल्याकडे त्याचा अर्थ उडव, संपव. तिथे खलास म्हणजे पुरे, थांब. कॅप्टनने आज्ञाधारकपणे चेंडूवर पाय ठेवला आणि शिट्टी कधी वाजली म्हणून वळून पाहिलं. तेवढ्यात समोरच्यांनी चेंडू पळवला आणि आमच्यावर गोल चढवून मोकळे झाले.

कॅप्टन रडत आला. ‘सर, तुम्हीच खलास म्हणालात ना?’

‘हो रे बाबा, मीच,’ म्हणत सरांनी त्याला जवळ घेतलं. परतताना ते आमच्याच गाडीत होते. मला हसू आवरत नव्हतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. मग हळूच म्हणाले, ‘वहिनी, वीस वर्षं मैदानावर घसा फोडतोय, एका पोराने कधी माझं ऐकलं नाही. आज ऐकलं.’ आणि चष्मा पुसत ते खिडकीबाहेर बघत राहिले.