मेथीत भिजलेले मोडी कागद

नगरला नव्याने सापडलेल्या मोडी कागदांच्या प्रदर्शनात जुन्या कागदाचा वास आला आणि मला लहानपणीचं, खर्डा गावातल्या घराचं अंगण आठवलं. बांबूची टोपली लिंपायला लगदा हवा म्हणून आत्या मेथीदाण्यांबरोबर कागद भिजवत होती. पणजोबांच्या पेटीतले मोडी कागद मी फाडून देत होते.

"आत्या, यावर काय लिवलंय?"

"कुनाला वाचता येतंय? फाड तू."

एका पानावर शाईचा मोर होता. क्षणभर थबकले, मग तेही फाडलं. टोपली सुरेख झाली, आम्ही दोघी खूश होतो.

आता मी मोडी शिकले आहे. प्रदर्शनातल्या एका पानावर कुणा बाईने रचलेली गाणी होती. परवा आत्याला ते सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आपल्या घरातल्याबी कुना बाईनं लिवलं असंल का गं?"