संध्याकाळच्या पापण्या

लटारू रामटेकेने जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. छप्पन साली त्याच्या बापाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातलं दारूचं मडकं अंगणात फोडलं, ते त्याने पोरवयात डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे विहारात संध्याकाळची वंदना सांगायचं काम त्याच्याकडे आलं. तो पुढे उभा राहून पंचशील म्हणायचा, मागून वस्ती म्हणायची. नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की त्याचा आवाज जरा चढायचा. एवढा एकच गर्व त्या माणसाला होता आणि मला विचाराल तर तो त्याला शोभायचा. त्याच्या बायकोने, रुखमानेही त्याला पसंत केलं ते याच गोष्टीवर. तिचा बाप पिऊन पिऊन गेला होता.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात लटारूच्या पापण्या पडायला लागल्या. सकाळी डोळे टक्क उघडे. धानाची रोवणी म्हणा, बांध म्हणा, सगळं बिनबोभाट. ऊन कललं की पापण्या खाली यायच्या, एकाचे दोन दिसायचे, जीभ जड व्हायची. मग तो मान मागे टाकून, उरलेल्या फटीतून बघत, कुडाचा आधार घेत चालायचा. रोग नसांचा होता. मेंदूचा हुकूम पापणीच्या स्नायूपर्यंत धड पोचत नव्हता. रात्रभर विसावलेला स्नायू सकाळी ऐकायचा, दिवसभर राबलेला संध्याकाळी हात टेकायचा. त्याला नाव आहे, औषधही आहे, पण ते दूर मोठ्या शहरात. गावाला ही लक्षणं तोंडपाठ होती आणि त्यांचं कारण गावाने कधीच ठरवून टाकलं होतं.

"काऊन गा लटारू, आज लवकरच लावली वाटते?" पारावरून डोमा विचारायचा.

"नाई गा भाऊ. डोळेच मिटून राह्यले."

"आमचेबी मिटतेत," डोमा म्हणायचा आणि सगळा पार हसायचा.

लटारू तालुक्याला एका डॉक्टरकडे जाऊन आला. सकाळच्या एसटीने गेला, सकाळीच नंबर लागला. डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं, बोट डावी-उजवीकडे फिरवलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. लटारूने शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाला.

"साहेब, संध्याकाळी पाहा ना. तवा पडतेत."

"संध्याकाळी काय घेता?" डॉक्टरने हसत विचारलं. दवाखाना दुपारी बंद व्हायचा आणि परतीची गाडीही दुपारचीच होती. लटारू घरी पोचला तोवर पापण्या पडलेल्या होत्या. आजार होता तिथे डॉक्टर नव्हता, डॉक्टर होता तिथे आजार नव्हता. या कात्रीतून बाहेर कसं पडावं ते त्याला काही केल्या उमगेना.

चैत्रात मोहफुलं गळायला लागली. गावाकडची दारू गाळतात ती याच फुलांची. सगळ्यांसारखी लटारू-रुखमाही पहाटे टोपल्या घेऊन जंगलात जायची. फुलं वेचून आणायची, अंगणात वाळत घालायची आणि विकायची. त्या दिवसांत मोहाचा वास कपड्यांना, केसांना, अंथरुणाला धरून बसतो. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण लटारूच्या बाबतीत सगळे विसरले.

बाबासाहेबांच्या जयंतीला विहारासमोर मांडव पडला. त्या दिवशी लटारू जंगलात गेला नाही. दुपारभर ओलं फडकं डोळ्यांवर ठेवून अंधाऱ्या खोलीत पडून राहिला, पापण्या संध्याकाळपुरत्या राखून ठेवल्या. रुखमा दाराशी बसून राहिली, कोणाला आत येऊ दिलं नाही. दिवेलागणीला तो ताठ उभा राहिला आणि पहिली शीलं खणखणीत म्हणाला. रुखमाने सुटकेचा श्वास टाकला. चौथ्या शीलाला डावी पापणी उतरली. पाचव्याला दोन्ही पडल्या आणि जीभ अडखळली, नेमके ते शब्द लटपटले. मागून कोणीच म्हणालं नाही. मग मांडवात कोणीतरी खुदकन हसलं.

पंचांनी त्याला बाजूला घेतलं. त्यांच्यातले म्हातारे सोमाजी म्हणाले, "तोंड उघड, बापा. श्वास सोड."

लटारूने श्वास सोडला. सोमाजींनी हुंगलं आणि मान खाली घातली. "वास येऊन राह्यला."

"मोहाचा हाये, बाबा. सदऱ्याले लागला."

"मोहाचाच हाये म्हणतो ना मीबी," सोमाजी म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, हेच लटारूला जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून वंदना डोमाचा भाऊ सांगू लागला आणि लटारू मागच्या रांगेत बसू लागला. पुढे तेही सोडलं.

रुखमा मात्र सगळ्यांशी भांडली. पाणवठ्यावर भांडली, सोमाजींच्या दारात जाऊन भांडली. "माह्या बापाले पाह्यलं म्या. मले शिकवू नका," म्हणाली. लटारूला तेवढं पुरत होतं. एक माणूस धरून आहे, बाकीचं गाव गेलं उडत, असं तो स्वतःशी म्हणायचा.

वैशाखात एका संध्याकाळी तो अंगणात बाजेवर बसला होता. मान मागे, डोळे फटीएवढे. जीभ इतकी जड झाली होती की रुखमाने काही विचारलं त्याला तो धड उत्तर देऊ शकला नाही. ती थबकली. त्याला काही दिसत नाही असं तिला वाटलं असावं. तिने बाजेखालचा त्याचा लोटा हळूच उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवला.

फटीतून लटारूला दोन रुखमा दिसल्या. दोघी हुंगत होत्या.

त्याने चाचपून तिचा हात धरला, तिला जवळ ओढलं, आणि पंचांसमोर उघडलं होतं तसं तोंड उघडून श्वास सोडला. रुखमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण तिने तोंड फिरवलं नाही. तिने हुंगून पाहिलं.