इन्क्युबेटरजवळची खुर्ची

हातावर स्पिरिट चोळलं की कर्वेनगरची ती प्रयोगशाळा आठवते. अंतर्कर्णातल्या मूळपेशींपासून आम्ही ऐकण्याच्या चेतापेशी घडवत होतो, आणि आमच्या प्रमुख मॅडमचा नियम होता की इन्क्युबेटरचा अलार्म वाजला तर जवळ बसलेल्यानेच उठायचं. त्या दुपारी तो किंचाळायला लागला तेव्हा शेजारी त्या स्वतःच होत्या. उठेनात. आत पेशी तापून मरत असणार, पण मीही मुद्दाम उठले नाही; नियम त्यांचाच होता ना! एवढ्यात त्या पडद्यावरचा आलेख दाखवत खुशीत वळल्या, "अगं बघ, ऐकण्याची जनुकं जागी झाली!" मी म्हटलं, "मॅडम, अलार्म." माझ्या ओठांकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठे?" आता माझ्या प्रयोगशाळेत तशाच खुर्चीवर मी बसते. मघाशी मान वर केली, तर सगळे काम थांबवून माझ्याकडेच बघत होते, आणि माझ्या शेजारी अलार्मचा लाल दिवा लुकलुकत होता.