दोन कोटी ते एकोणीस लाख

शनिवार, आठ मार्च. रक्कम अठरा हजार रुपये. नऊ हजार आगाऊ, नऊ हजार नोकरी लागल्यावर. हजर तिघं: मी, माझी बायको आणि मोठ्या पदांच्या मुलाखतींची तयारी करून घेणारे सर. ठिकाण वाशी, चष्म्याच्या दुकानावरचा पहिला मजला. बायको सोबत आली होती ती मी आगाऊ रकमेवर घासाघीस करत बसू नये म्हणून.

मी बावन्न वर्षांचा. तळोज्यातल्या रसायनांच्या एका कारखान्यात हिशेब विभागात सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात मॅनेजर म्हणून. नोव्हेंबरात कंपनीने जाहीर केलं की जूनअखेर कारखाना गुजरातला जाणार; ज्यांना यायचंय त्यांनी यावं, गेस्ट हाउसची सोय होईल. बायको कोपरखैरण्याच्या एका शाळेत शिकवते. तिने नोकरी सोडावी असं मला वाटत नव्हतं आणि तिलाही नाही. म्हणजे मी तिकडे एकट्याने मेसचं जेवायचं आणि महिन्यातून दोनदा खारघरला येऊन आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसायचं. ते नको असेल तर जूनच्या आत इथे नोकरी शोधायची, आणि या वयात या पगारावर जी मिळते ती मोठ्या पदाचीच. मार्चपर्यंत सहा मुलाखती झाल्या होत्या. पाच ठिकाणी चहा पाजून परत पाठवलं. सहाव्या ठिकाणी चहाही नव्हता.

"आजवर किती जणांना नोकरी लागली, सर?" मी विचारलं.

"नव्वद टक्के."

"किती जणांपैकी?"

"मोठ्या पदांचे म्हणाल तर... बारा."

"बाराचे नव्वद टक्के म्हणजे दहा पूर्णांक आठ. हा पॉइंट आठ माणूस कुठे लागला?"

बायकोने टेबलाखालून पाय दाबला. सर मात्र चिडले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "साहेब, तुमचा आजार कळला. आता मला सांगा, मागच्या मुलाखतीत तुमची सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असं विचारलं तेव्हा काय उत्तर दिलंत?"

मी दिलेलं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. तीन वर्षांत कारखान्याच्या इंधनखर्चात एक कोटी सदतीस लाखांची बचत झाली. पैकी चौऱ्याऐंशी लाख तेलाचा बाजारभाव पडल्यामुळे. बावीस लाख एक बॉयलर बंद राहिल्यामुळे, कारण तेवढी मागणीच नव्हती. उरलेले एकतीस लाख आमच्या कामाचे. त्यातले बारा लाख वाफेचं गरम पाणी वाया न घालवता परत बॉयलरला वळवल्यामुळे, आणि ती कल्पना फोरमनची. माझे एकोणीस.

सरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही मुलाखत देताय की पोलिसांत जबानी?"

बायको इतकी हसली की खालच्या दुकानातून कोणीतरी वर डोकावून गेलं.

"यापुढे एकच वाक्य," सर म्हणाले. "तीन वर्षांत मी दोन कोटी वाचवले. संपलं."

"पण सर, मधले त्रेसष्ट लाख कुठून आणू?"

"आणायचे नाहीत. नुसते म्हणायचे. तिथे कोणी वही उघडून बसलेलं नसतं. त्यांना माणूस बघायचा असतो." मग त्यांनी बाकीचं सांगितलं. प्रश्न आला की लगेच उत्तर द्यायचं नाही, तीन सेकंद खिडकीबाहेर बघायचं. मोठ्या पदावरची माणसं विचार करताना दिसली पाहिजेत. कमजोरी विचारली तर अशी सांगायची की ती ऐकून समोरच्याला हेवा वाटावा. पगाराचा आकडा आपण आधी उच्चारायचा नाही.

पुढचे अठरा दिवस घरी सराव झाला. जेवण आटोपलं की बायको टेबलाच्या पलीकडे बसून समिती व्हायची.

"तुमची सर्वांत मोठी कमजोरी?"

मी तीन सेकंद ग्रिलबाहेर बघितलं. "कामात माझा जीव इतका गुंतलेला असतो की ते दुसऱ्यावर सोपवायला मला जड जातं."

"खोटं. लग्न झाल्यापासून गॅसचा नंबर लावायचं काम माझ्यावर सोपवलंय. तेव्हा जीव कुठे गुंतला होता?"

"अगं, समितीला काय माहीत?"

"समितीच आहे मी. पुढे. मोठी कामगिरी?"

"दोन कोटी," मी म्हणायचो, पण दर वेळी आवाज 'दोन'वर खाली जायचा. ती म्हणायची, "दोन कोटी सांगताय की दोन चपात्या वाढ म्हणताय?" मग मी दाढी करताना म्हणून बघितलं, लिफ्टमध्ये एकटा असताना म्हणून बघितलं. पंधराव्या दिवसापर्यंत आवाज जमला. माझा मलाच थोडा विश्वास बसायला लागला होता.

सातवी मुलाखत गुरुवारी, सत्तावीस मार्चला, ऐरोलीत. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी, एका कुटुंबाची कंपनी, पद वित्तप्रमुखाचं. समोर तिघं. मधोमध मालक, पस्तिशीचा, लॅपटॉप उघडून. डावीकडे मनुष्यबळ विभागाच्या मॅडम. उजवीकडे मालकाचे वडील, ज्यांनी कंपनी उभी केली. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, समोर लॅपटॉप नाही, फक्त ताकाचा ग्लास. ते काही बोलत नव्हते.

पहिला प्रश्न मॅडमनी इंग्रजीत विचारला. मी खिडकीकडे बघितलं. एक, दोन...

"सर, ऐकू येतंय ना?" मॅडम काळजीने पुढे वाकल्या. "एसीचा आवाज कमी करू का?"

सराव झाला होता, पण समोरचा मध्येच बोलला तर सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे की उरलेले, हे विचारायचं राहून गेलं होतं. मी न मोजता उत्तर दिलं, कारखाना गुजरातला जातोय म्हणून नोकरी शोधतोय. पुढचे दोन-तीन प्रश्न बरे गेले. मग मालकाने मोठी कामगिरी विचारली आणि मी स्पष्ट, भरल्या आवाजात म्हणालो, "तीन वर्षांत मी कंपनीचे दोन कोटी रुपये वाचवले."

"एक्सलंट," मालक म्हणाला आणि त्याने ते टाइप केलं.

वडिलांनी ग्लास खाली ठेवला. मराठीत, सावकाश विचारलं, "काय हो, दोन कोटी वाचवले, तर कंपनी चालली कशाला गुजरातला?"

या प्रश्नाचं उत्तर अठरा हजारांत नव्हतं. मी खिडकीकडे बघितलं. या वेळी तीन सेकंदांच्या पुष्कळ पुढे गेलो असेन. गेस्ट हाउसचा पलंग डोळ्यांपुढे आला. जे म्हटलंय त्यावर ठाम राहावं असं वाटत होतं, पण मालकाच्या लॅपटॉपवर तो आकडा लिहिला गेला होता, आणि लिहिलेला चुकीचा आकडा मला कधीच बघवत नाही.

"साहेब, दोन नाही," मी म्हणालो. "एक सदतीस."

"बरं."

"त्यातले चौऱ्याऐंशी लाख तेलाचा भाव पडला म्हणून."

"हं."

मॅडमनी कागद पुढे केला, तो घेऊन मी सगळं मांडून दाखवलं. बॉयलर वजा केला. फोरमन वजा केला. मालकाने टाइप केलेलं खोडायला सुरुवात केली होती. दोन कोटींवरून एकोणीस लाखांवर यायला मला चार मिनिटं लागली.

"मग पहिल्यांदा दोन कोटी का म्हणालात?" वडिलांनी विचारलं.

"असं म्हणायचं असतं असं कळलं होतं," मी म्हणालो.

म्हातारबुवांनी मुलाकडे बघितलं. मुलगा मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. "आमच्याकडे फुगवून सांगणारे पुष्कळ आहेत," ते मला म्हणाले. "हा आमचा मुलगा स्वतःच फुगवून सांगतो. अगदी खरं तेवढंच सांगणाराही एक होता, पण त्याला गिऱ्हाइकापुढे बसवता येत नव्हतं, गिऱ्हाईक घाबरायचं. तुम्हाला दोन्ही येतं. बाहेर काय सांगितलं आणि आत किती आहे, यातला फरक चार मिनिटांत कागदावर लिहून देणारा माणूस मला पाहिजे. बँकेला द्यायचा तो आकडा मात्र आतला, खरा."

सव्वीस वर्षांत माझ्या कामाचं असं वर्णन कोणी केलं नव्हतं. ते स्तुतीचं होतं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

अकरा एप्रिलला पत्र आलं. वार्षिक पॅकेज तीस लाख. नातेवाइकांत तीस लाख हा आकडा संध्याकाळपर्यंत पोचला. साडूंचा अभिनंदनाचा फोन आला आणि त्यांनी बोलण्याच्या ओघात गाडी कधी बदलताय असंही विचारलं. मी रात्रीचं जेवण व्हायच्या आत पत्रातून कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, ग्रॅच्युइटी, विमा, प्रॉव्हिडंट फंडाचे दोन्ही हिस्से आणि कर वजा केला. हातात सध्यापेक्षा महिना तीन हजार एकशे पन्नास रुपये जास्त. त्यातून ऐरोलीला जायचा-यायचा खर्च जाणार, कारण तळोज्याला कंपनीची बस सोसायटीच्या गेटपाशी यायची.

"म्हणजे काहीच वाढलं नाही?" बायकोने विचारलं.

"तीन हजार एकशे पन्नास."

"तुम्ही रोज संध्याकाळी घरी येणार ना?"

"हो."

"मग बास. कुकर लावते."

राहिला सरांचा दुसरा हप्ता. करारात लिहिलं होतं, 'सरांच्या मार्गदर्शनामुळे नोकरी लागल्यास'. मी फोन करून मुलाखतीत घडलं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं ऐकलं नाहीत, तेव्हा नोकरी लागली," सर म्हणाले.

"अर्धं ऐकलं."

"मग अर्धेच द्या. साडेचार."

मला हे रास्त वाटलं. मी तसं म्हणणार, एवढ्यात बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "सर, यांनी आधीच एकोणीस लाख सांगितले असते ना, तर त्या आजोबांनी ताक पिऊन झोप काढली असती. तुम्ही दोन कोटी म्हणायला लावलंत म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पूर्ण मिळतील तुम्हाला."

तिच्या म्हणण्यात चूक शोधायला मी रविवार सकाळपर्यंत वेळ घेतला. सापडली नाही. तेव्हा नऊ हजार रुपये पाठवले. सरांच्या सांगण्यावरून त्यांच्या पत्नीच्या खात्यावर.