लांडग्यासाठी राखलेली हाक

आमचे वडील खोटं बोलत नाहीत, असं जतच्या आमच्या माळावर सगळे म्हणायचे. मीही मान ताठ करून म्हणायचे. मेंढी विकताना तिची खोड गिऱ्हाइकानं विचारायच्या आत सांगून टाकणारा धनगर, म्हणून बाजारात त्यांच्या शब्दाला किंमत होती. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. अशा माणसानं आपल्याला फसवलं असेल, हे माझ्या डोक्यात यायलाच एक वर्ष गेलं.

महायुद्ध संपत आलं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. मी नुकतीच लुगडं नेसायला लागले होते. आमचं म्हातारं कुत्रं गेलं, आणि लांडग्यांना ती बातमी आमच्या पाहुण्यांच्या आधी कळली. दिवसाढवळ्या कोकरं जायला लागली. शेजारच्या वाड्यावरची कुत्री व्यालेली होती, तेव्हा आबा म्हणाले, "चल, पिल्लू बघाय जाऊ. तूच बघायचं."

कुत्रं निवडायची आमच्याकडे रीत होती. घरातल्या ज्या माणसाकडे कोकरं सांभाळायचं काम, त्यानंच पिल्लू निवडायचं. आमच्याकडे ते काम माझं. नुकती जन्मलेली कोकरं सारखी माझ्या लुगड्याच्या ओच्यात, त्यामुळे हातांना, कपड्यांना, केसांनासुद्धा त्यांचाच वास. तोंडावर नावं ठेवणाऱ्या बायका कमी नव्हत्या. पण पिल्लू निवडताना तोच वास कामाचा. ते हात पिल्लांपुढे धरायचे, मग पिल्लांना मेंढ्यांत सोडायचं आणि गप उभं राहून बघायचं.

एका पिल्लानं माझी बोटं चाटून चाटून ओली केली. ते इतकं गोड होतं की मला तेच हवं होतं. दुसरं दातच लावायला लागलं. एक करडं पिल्लू मात्र बराच वेळ माझे हात हुंगत राहिलं आणि मग मला ओलांडून सरळ मेंढ्यांकडे गेलं. लेकुरवाळ्या मेंढीनं त्याला डोक्यानं असं ढकललं की ते धुळीत लोळलं. उठलं, अंग झटकलं, आणि तिच्यापासून थोडं लांब, तिच्याकडे पाठ करून, माळाकडे तोंड करून बसलं.

"कोणचं?" आबांनी विचारलं.

"त्ये करडं."

"का गं? त्ये दुसरं चाटतंय की तुला."

"त्याला मी पायजे. ह्याला मेंढरं पायजेत."

आबा इतके खूश झाले की परत येताना रस्ताभर भेटेल त्याला सांगत होते. माझ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक पुढे कुणी केलं नाही.

मग खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती माझी होती. कोकरू मेलेल्या एका मेंढीचे पाय धरून पिल्लाला तिच्या आचळाला लावायचं, हे माझं रोजचं काम झालं. आधी लाथा मारणारी मेंढी पुढे पुढे त्याला हुंगायला लागली, मग चाटायला लागली. रात्री वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती आम्ही जाळं लावायचो त्यात, ते तिच्या पोटाशी झोपायचं. आणि मी त्याला हात लावायचा नाही. गोंजारायचं नाही, नाव ठेवायचं नाही, हातानं घास द्यायचा नाही. भाकरी मेंढरांत टाकून मागे फिरायचं. आबा बजावायचे, "त्ये आपलं न्हवं. मेंढरांचं हाय. आपुन निस्तं संबाळायचं."

मी पाळलं सगळं. एकदा त्याच्या पंज्यात बाभळीचा काटा गेला, तो काढायला मी पाय हातात धरला. काटा निघाल्यावर मी पाय लगेच खाली ठेवला. मला ठेवायचा नव्हता, पण ठेवला. आबांचा शब्द होता.

त्याला शिकवलेली हाक एकच. जीभ टाळ्याला लावून आबा एक लांब किरकिरा आवाज काढायचे. ती हाक आली की कुत्र्यानं खाणं, झोप, सगळं सोडून धावत यायचं, कारण लांडगा आला आहे. ती उगीच द्यायची नाही. माझ्या भावानं एकदा मजा म्हणून दिली, तेव्हा आबांनी काठी उचलली होती. "मुक्या जनावराला फशीवतोस व्हय रं? पुन्यांदा कशाला यील त्ये?" आबांनी काठी उचललेली मी तेवढी एकदाच पाहिली.

कुत्रं वाढलं, जबर निघालं. मानेला लोखंडी खिळ्यांचा पट्टा चढला. लांडगे आमच्या मेंढरांच्या खांडाकडे बघायचे आणि दुसऱ्यांच्या खांडाकडे जायचे. शेजारी कुरकुरायचे आणि आई हसायची.

दिवाळीनंतर आम्ही दरवर्षी घोड्यावर बिऱ्हाड लादून खाली कृष्णाकाठी जायचो. आष्ट्याच्या बाजूला ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची. मालकाला खत, आम्हाला चारा आणि दाणे. त्या वर्षी वर पाऊस झाला नव्हता, म्हणून सगळेच धनगर खाली आलेले. पुढच्या रानासाठी जो तो मालकांच्या पाया पडत होता. आम्ही उतरलो होतो त्या मळ्याच्या मालकाचा मुलगा पलटणीतून रजेवर आला होता. तो बांधावर उभा राहून कुत्र्याकडे बघत राहायचा. "असलं कुत्तं आमच्या सायबाकडंबी न्हवतं," म्हणायचा. मला बरं वाटायचं. निवड माझी होती ना.

एका सकाळी कुत्रं दिसेना. दुपारी आबा ओढ्याच्या बाजूनं आले, हातात खिळ्यांचा पट्टा. "लांडग्यांनी घेरलं असंल," म्हणाले, आणि पट्टा माझ्यापुढे ठेवला. मी तो छातीशी धरून रडले. कातडं फाटलेलं नव्हतं, रक्ताचा डाग नव्हता, बंद व्यवस्थित सोडलेला होता. मी बघितलं होतं ते. पण आबा सांगतात म्हणजे झालं. आई चुलीशी बसून होती. तिनं मला जवळ घेतलं नाही, याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही.

पुढची रानं आम्हाला भराभर मिळाली. पावसाळ्याला वर परतलो, आणि आबांनी घाईनं कुठूनसं एक कुत्रं आणलं. मला विचारलंही नाही. ते चुलीपाशी झोपायचं आणि भाकरीच्या वासाला उठायचं. लांडग्यांनी त्या पावसाळ्यात हात धुऊन घेतले. मी ओच्यात वाढवलेली कोकरं एकेक करून गेली, आणि प्रत्येक वेळी मी त्या करड्याची आठवण काढून म्हणायचे, तो लढून मेला तरी.

पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मळ्यावर आलो. आबा रस्ता बदलू म्हणत होते, भावानं ऐकलं नाही. मेंढरं मळ्यात शिरली, आणि गुऱ्हाळाच्या खोपीकडून साखळी ओढल्याचा आवाज आला.

तो होता. गुळगुळीत झालेला, गळ्यात पितळी घुंगरं. मालक वैतागून सांगत होता, "कसलं कुत्रं दिलंसा? चोर गूळ घिऊन गेला तरी भुकलं न्हाई. दिसभर रस्त्याकडं त्वांड करून बसतंय." दिलंसा. तो शब्द मी ऐकला आणि आबांकडे बघितलं. आबा जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात खुंटी उखडली. साखळी फरफटत तो थेट आमच्याकडे धावत आला. मी हात पुढे केले, कोकरांच्या वासाचे हात. त्यानं हुंगले. आणि मला ओलांडून तो त्या म्हाताऱ्या मेंढीकडे गेला, जिनं त्याला पाजलं होतं. तिच्या पोटाशी पडला आणि डोळे मिटले. तो तसा वागला याचं मला दुःख झालं नाही; तसंच तर मी त्याला वाढवलं होतं.

"त्यो आपला न्हवं, मेंढरांचा हाय म्हणलासा," मी आबांना म्हणाले. "मग दिला कसा?"

"रान मिळत न्हवतं, बाय. खांड मेलं असतं."

"मला सांगायचं हुतं."

"रडली असतीस."

"व्हय. रडले असते आन् दिला असता."

आई म्हणाली, "जाऊ दे आता." म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मी दोघांनाही आजवर माफ केलेलं नाही. दोघंही गेली, तरी नाही.

मालकाला कुत्रं नको होतं म्हणावं, तर तसंही नाही. दिलेली वस्तू परत मागतात की काय, असा त्याचा चेहरा झाला. तो साखळी धरायला गेला, तर कुत्र्यानं दात दाखवले. भावालाही जवळ येऊ देईना. सगळे आबांकडे बघायला लागले. पुढची रानं मालकाच्या हातात होती.

आबा थोडे बाजूला गेले, खाली बसले, आणि त्यांनी ती हाक दिली.

कुत्रं उठलं. पाठीवरचे केस उभे राहिले. मेंढीला सोडून ते धावत आबांच्या पुढ्यात आलं आणि त्यांच्याकडे पाठ करून उसाकडे बघत उभं राहिलं, लांडगा कुठे आहे ते शोधत. आबांनी साखळी उचलून मालकाच्या हातात दिली तेव्हाही ते उसाकडेच बघत होतं.

त्यानंतर आबांनी मला हाक मारली की मी जायचे. पण आधी थांबून, कशाला बोलावतात ते बघून जायचे.