नदीला बशी दाखवणारे आम्ही

जुने सोबती भेटले की किस्से निघतातच. आमचे तर शेवाळासारखे माजलेत, एक खरवडला की खाली दुसरा! निजामाच्या राज्यात वडवणीकडच्या एका लहान नदीवर मी पाणी तपासायच्या कामाला होतो. माझे वरिष्ठ, म्हणजे दरोगा, होते यासीनमियाँ. बहुतेक गाव नदीच्या डोहातलं पाणी प्यायचं. उन्हाळ्यात डोह हिरवा व्हायचा आणि त्याच दिवसांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ यायची. ती गावात शिरू द्यायची नाही, एवढंच आमचं काम.

* * *

पाणी किती गढूळ ते बघायला यासीनमियाँ दोरीला पांढरी बशी बांधून डोहात सोडत. बशी जितकी लवकर दिसेनाशी होई, तितकं पाणी वाईट. एक दिवस पाटील काठावरून म्हणाले, "साहेब, रोज नुसती बशी दावता. नदीला च्या कवा पाजनार?"

* * *

शेवाळ किती वाढतं ते कळावं म्हणून डोहातले काही दगड आम्ही मुद्दाम न घासता ठेवले होते. ते बघायला औरंगाबादहून मोठे साहेब येणार, हे गावाला कळलं. पाहुण्यापुढे घाण नको म्हणून बायांनी आदल्या दिवशी सगळे दगड राखेनं लख्ख घासले!

साहेबांनी विचारलं, "इथं शेवाळच नाही, मग तुम्ही दोघं करता काय?"

पाटील मागून आमच्या कानाशी लागले, "राखली का न्हाई तुमची लाज?"

* * *

पाटलांच्या विहिरीत आम्ही जंतू मारायची लाल दवा टाकली, पाणी गुलाबी झालं. नेमकं त्याच दिवशी धारूरचं वऱ्हाड आलं आणि तेच पाणी गटागटा प्यालं. व्याही म्हणाले, "सरबत झकास, पर साखर इसरली वाटतं." पाटलांनी साखरेबद्दल हात जोडून माफी मागितली आणि पुन्हा तांबे भरायला सांगितले.

* * *

एका वर्षी शेजारच्या गावात पटकी आली. यासीनमियाँनी डोह बंद केला. बायांना डोंगराकडच्या विहिरीवरून पाणी आणावं लागे. राहीबाईचे गुडघे गेलेले. ती येता-जाता शिव्या घालायची, "आमचं पानी कावून अडिवलं? नदी तुमच्या बापाची हाय का?" यासीनमियाँ मान खाली घालून ऐकत. मला त्यांचं लई वाईट वाटायचं.

पुढे नदी वाहती झाली, शेवाळ गेलं, बशी तळापर्यंत दिसली. पाणी चांगलं म्हणणाऱ्यानं गावासमोर पहिला तांब्या स्वतः प्यायचा, हा आमचा रिवाज. यासीनमियाँनी तांब्या भरला, बिस्मिल्ला म्हणून ओठांशी नेला. तेवढ्यात, एरवी विटाळ नको म्हणून आमच्यापासून घागर लांब धरणारी राहीबाई पुढे आली. तिनं तांब्या हिसकावला आणि घटाघटा रिकामा केला.

"अम्मा, ये क्या किया? पहले मुझे पीना था."

राहीबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"तुमी ऱ्हावा. तुमालाच काय झालं, तर फुडच्या साली आमाला पिऊ नका म्हनायला कोन हाय?"